सायलेन्सरमधला बोळा

दिवाळी होऊन गेल्यावरच्या एका रविवारी आई मला म्हणाली, "शेडातली गाडी चालू कर. मला तिच्यातनं पुनतांब्याला जायचंय."

मी मुळात चिडकी. संगमनेरला कॉलेजात केमिस्ट्री शिकवते, आठवडाभर मुलांवर डाफरते आणि रविवारी बेलापूरला येऊन उरलेलं आईवर काढते. म्हटलं, "माझी गाडी दारात उभी आहे, हवं तर आत्ता निघू. त्या खटाऱ्याला काय सोनं लागलंय?"

खटारा म्हणजे माझ्या वडिलांची, अण्णांची, पांढरी अॅम्बॅसिडर. अकरा वर्षं ती बिघडली म्हणून ताडपत्रीखाली उभी होती आणि अण्णांना जाऊन नऊ वर्षं झाली होती. त्यांची रक्षा आम्ही पुणतांब्याला गोदावरीत सोडली, त्यामुळे आईला कुठे जायचंय ते कळलं. त्याच गाडीतून का, ते कळेना.

आई मेथी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "ती गाडी बिघडली न्हवती. मी बंद पाडली. त्यांना म्हाईत न्हवतं, तसेच गेले. त्यांच्याच गाडीतनं जाऊन नदीवर सांगायचंय, की मी केलं. लई उशीर झाला, पन सांगायचंय."

अण्णा साखर कारखान्याच्या वर्कशॉपमध्ये मिस्त्री होते. ट्रॅक्टर असो, ट्रक असो, नुसतं कान देऊन ते दुखणं सांगायचे. रिटायर झाल्यावर त्यांनी ही जुनी अॅम्बॅसिडर घेतली आणि आईला शेजारी बसवून गावोगाव हिंडले. एकदा पुणतांब्याहून येताना त्यांना स्टिअरिंगवरच फिट आली. गाडी रस्ता सोडून उसात घुसली म्हणून दोघं वाचले. डॉक्टरांनी गाडी चालवायची नाही म्हणून बजावलं. अण्णा "बरं" म्हणाले आणि चौथ्या दिवशी गाडी काढून श्रीरामपूरला जाऊन आले. चावी लपवून उपयोग नव्हता, ते वायर जोडून चालू करणारे. रडून झालं, अबोला धरून झाला. मी फोनवर चिडून पाहिलं, तर त्यांनी फोन आईच्या हातात दिला.

मग काय केलं ते आईने मेथी निवडता निवडताच सांगितलं. तिला त्यांचंच एक बोलणं आठवलं. एकदा चिखलात मागे घेताना गाडीच्या सायलेन्सरच्या पाईपात माती भरली होती. तेव्हा ते तिला म्हणाले होते, "हिला धूर सोडायला वाट लागती. वाट बंद, गाडी बंद." आईने गोधडीचा एक तुकडा फाडला, चुलीला लावायला मळतात तशी माती मळली, तुकडा तिच्यात घोळवला आणि अण्णा अंघोळीला गेलेले असताना पाईपात घालून फुंकणीने आत ढकलला. चूल सारवणाऱ्या बाईचं काम ते. माती वाळून घट्ट बसली.

अण्णा आठ दिवस त्या गाडीशी झटत होते. कार्बोरेटर उघडला, प्लग साफ केले, टाकीतलं पेट्रोल बदललं. आई शेजारी स्टूल टाकून पाने-पकडी हातात देत होती. नवव्या दिवशी त्यांनी बॉनेट लावलं, ताडपत्री टाकली आणि म्हणाले, "आता माझ्या हाताला कळत न्हाई." त्यानंतर त्यांनी पान्याला हात लावला नाही. हत्यारांची पेटी त्यांच्या हाताखाली शिकलेल्या एका मिस्त्रीला देऊन टाकली. शेवटची दोन वर्षं ओट्यावर बसून काढली, दोन्ही हात मांडीवर ठेवून. मला ते हात आठवले आणि माझा तोल गेला.

"तू त्यांचे हात काढून घेतलेस," मी आईला म्हणाले. "जगले दोन वर्षं, पण आपल्याला काही येत नाही असं समजून जगले."

आई म्हणाली, "व्हय. तेच सांगायचंय त्यांना." आणि मेथी घेऊन आत गेली. मी जेवण न करता संगमनेरला निघून आले. वाटेत दोनदा वाटलं, मागे फिरावं. फिरले नाही.

पुढच्या रविवारी मी त्या मिस्त्रींना घेऊन आले. ते आता साठीचे, श्रीरामपुरात त्यांचं स्वतःचं गॅरेज आहे. लहानपणापासून मी त्यांना चाचा म्हणते आणि ते अण्णांना उस्ताद म्हणत. बोळ्याचं मी त्यांना वाटेतच सांगितलं. ते खिडकीबाहेर बघत राहिले. मला वाटलं, त्यांनाही राग आला असावा.

शेडमध्ये ताडपत्री काढली. चारही टायर बसलेले, सीटमध्ये उंदरांनी संसार मांडलेला. चाचा बॉनेटकडे गेलेच नाहीत. तडक मागे गेले, खाली बसले, पाईपात बोट घातलं आणि थांबले. "ताई, माती कुठंय?" त्यांनी विचारलं.

मग त्यांनी एका सळईला आकडा केला आणि हळूहळू ओढायला लागले. आला तो ग्रीसमध्ये भिजवलेल्या ताडपत्रीचा गोल बोळा. पाईपात नेमका बसेल एवढाच कापलेला आणि वरून तारेने बांधलेला. चाचांनी तो फडक्यावर ठेवला आणि तारेची गाठ मला दाखवली. तीन पीळ उजवीकडे, एक उलटा आणि टोक आत दाबलेलं, पुढच्या माणसाच्या हाताला लागू नये म्हणून.

"मी पन अशीच बांधतो," चाचा म्हणाले. "उस्तादांनी शिकवलेली हाय. दुसरं कोनी अशी बांधत न्हाई."

तार सोडली, ताडपत्री उलगडली. आत गोधडीचा तुकडा होता. माती झटकून, स्वच्छ धुऊन घडी केलेला.

चाचा तिथेच जमिनीवर बसले. "ताई, गाडी चालू झाली न्हाई, की पहिला हात मागं पाईपावर धरायचा, हवा येती का बघायची. मग बॉनेट उघडायचं. हे मला उस्तादांनी पहिल्याच दिवशी शिकवलं. ते सोता इसरतील का? मी तवा मदतीला आल्तो, तर मला शेडात पाऊल टाकू दिलं न्हाई. म्हनले, तुजं काम न्हाई हे."

मला समजायला वेळ लागला. अण्णांना पहिल्याच दिवशी कळलं होतं. आईची माती पाईपात ओल धरून लोखंड खाईल म्हणून त्यांनी ती काढली, तिचाच तुकडा धुऊन ग्रीसच्या ताडपत्रीत बांधला आणि परत तिथेच बसवला. गाडी बंदच ठेवायची, पण सडू द्यायची नाही. "हाताला कळत नाही" हे त्यांचं खोटं होतं. आयुष्यात इतका अभिमान बाळगलेल्या माणसाने बायकोचा जीव थाऱ्यावर राहावा म्हणून तेवढं खोटं सांगितलं आणि ते शेवटपर्यंत निभावलं. मला फार रडू आलं. चाचा उठून उगाच टायरांकडे बघत राहिले.

आईला बोलावून आम्ही सगळं सांगितलं. तिने तो तुकडा ओळखला. तार बोटांनी चाचपून पाहिली. चाचांनी बोळा परत तशाच गाठीने बांधून दिला, तो पदरात घेऊन ती घरात गेली आणि थोड्या वेळाने आमच्यासाठी चहा घेऊन आली.

गाडी रस्त्यावर यायला आणखी तीन रविवार लागले. चाचांनी टाकी खरवडून धुतली, इंजिनात तेल सोडून हँडलने हळूहळू फिरवलं, नवी बॅटरी बसवली. पहिल्यांदा चालू झाली तेव्हा धूर मागून यायच्या ऐवजी पायाखालून गाडीत आला आणि आम्ही खोकत बाहेर पडलो. सायलेन्सर आतून शाबूत होता, पण त्याच्या पुढचा पाईप इंजिनाजवळच्या जोडावर गंजून फुटला होता. तिथपर्यंत अण्णांचं ग्रीस पोचलं नव्हतं. चाचांनी तेवढा तुकडा कापून नवा वेल्ड केला. मग पाईपामागे तळहात धरला आणि मला म्हणाले, "बघा, धरा हात." मी धरला. हवा धडधडत, कोमट, एकसारखी येत होती.

पुणतांब्याला मी गाडी चालवली. आई शेजारी, मांडीवर पिशवी आणि पिशवीत तो बोळा. श्रीरामपूर सोडल्यावर दोन्ही बाजूंनी ऊस लागला. ते जिथे उसात घुसले होते ती जागा तिने बोटाने दाखवली.

घाटावर दुपारची शांतता होती. नदीला पाणी बेताचं. आई पायरीवर बसली. मी थोडी मागे उभी राहिले, तिला जे सांगायचं ते एकटीने सांगू दे म्हणून. मग तिनेच मला हाक मारली.

"काय सांगू गं?" ती म्हणाली. "त्यांना तर समदं म्हाईत हुतं." मग पाण्याकडे बघत, "मला येकच कळंना. पहिल्या दिशीच कळलं, तर मग आठ दिवस ते काय करीत हुते? मी शेजारी बसून पाने देत हुते. ह्यो दे, त्यो दे, बारका दे. उन्हाचं उठा म्हनलं तर उठत न्हवते. लई बोलायचे तवा. लगीन झाल्यापासनं येवढं कवा बोलले न्हवते."

मी तिच्या शेजारी बसले. उत्तर तिला माहीत होतं, तिच्या आवाजात ते आलंच होतं. माझ्याकडे तिला सांगण्यासारखं एकच होतं आणि ते इतके दिवस राहून गेलं होतं.

"आई, तू त्यांचे हात काढून घेतलेस असं मी म्हणाले होते," मी म्हटलं. "चुकलं माझं."

तिने पिशवीतून बोळा काढला. मला वाटलं, आता नदीत सोडेल. तिने तो फक्त हातात धरला, तारेचं टोक आत दाबलेलंच आहे ना ते अंगठ्याने पाहिलं आणि परत पिशवीत ठेवला.

"ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. "घरी गेल्यावर ह्यो पाईपात घालायचा हाय. उंदरं जात्यात."