राईच्या रस्त्यावर आई आली तेव्हा

मी पाण्याने रस्ता खरवडणाऱ्या मशीनवर काम करतो. आईला हे काम कधी पटलंच नाही. "पाणी मारून रस्ता नवा होतो? धुणं आहे का ते?" असं म्हणून ती हसायची. तिचं स्वतःचं तरुणपण रस्त्याच्या कामावर गेलेलं. रायगडातून इकडे आली आणि खडीचं घमेलं डोक्यावर घेतलं.

गेल्या हिवाळ्यात आमचं काम राई गावाला जाणाऱ्या रस्त्यावर लागलं, घरापासून जवळच. एका दुपारी बघतो तर आई डब्याची पिशवी घेऊन उन्हात उभी. आमचा ड्रायव्हर ओरडला, "माताजी, उधर ही रुको, पानी उड़ेगा!" मी त्याला मशीन थांबवायला लावलं आणि तिला पुढे आणलं.

"दाखव तुझं धुणं."

मी सांगितलं, गाड्या फिरून फिरून डांबर वर येतं, खडी त्यात बुडते आणि रस्ता गुळगुळीत होतो. मग पावसात बाइक घसरतात. मशीनखालून पाण्याच्या बारीक धारा इतक्या जोरात सुटतात की जास्तीचं डांबर निघून जातं, खडी उघडी पडते. घाण पाणी मशीनच परत ओढून घेतं.

आई उकिडवी बसली. आधी गुळगुळीत भागावरून हात फिरवला, मग आम्ही केलेल्या पट्ट्यावरून. तिथे तिचा तळवा बराच वेळ थांबला.

"ही आमची खडी असेल का रे?"

हो म्हणावंसं वाटलं. पण रस्त्याच्या बाबतीत तिच्याशी खोटं कसं बोलणार?

"नाही गं. तुमची खाली गेली. वर किती थर चढले."

"असू दे. खाली तर आहे ना."

सावलीत बसून जेवलो. तांदळाची भाकरी आणि वालाचं बिरडं. ड्रायव्हरलाही तिने बोलावून वाढलं. मग म्हणाली, "तुला मी इथंच कुठंतरी झाडाला झोळी बांधून ठेवायचे. रोलर चालू असला की गाढ झोपायचास, थांबला की रडायचास. रोलरवाला बिचारा जेवतानासुद्धा इंजिन चालू ठेवायचा. मुकादम डिझेलवरून बोंबलायचा, तर म्हणायचा, पोर निजलंय."

"हे कधी सांगितलं नाहीस."

"तू शाळेत जायचास. रस्त्यावर वाढलेला म्हणून कुणी चिडवलं असतं तर?"

मी हातातली भाकरी खाली ठेवली. तिने पदराने माझ्या जॅकेटवरचा चिखल पुसला. "खा आता," एवढंच म्हणाली.

संध्याकाळपर्यंत ती घरी गेली नाही. मशीन पुढे सरकलं की तीही कडेने थोडी सरकायची. गावातली एक म्हातारी टोपली घेऊन चालली होती. तिने आईला विचारलं, "काय चाललंय गो हितं?"

"डांबर काढून खडी वर आणतायत," आई म्हणाली, मशीनच्या आवाजातही मला ऐकू येईल एवढ्या मोठ्याने. "तो पिवळ्या टोपीवाला माझा मुलगा."