सोमवारची गोळी

देवाला मी कामापुरतीच ओळखत होते, हे आधी कबूल करते. मेडिकलच्या प्रवेश परीक्षेत दोनदा आपटले तेव्हा त्याच्याशी बोलणंच टाकलं होतं. मग मंद्रूपहून सोलापुरात येऊन बी.एस्सी. करू लागले. तिसऱ्या वर्षी सार्वजनिक आरोग्याच्या पुढच्या शिक्षणासाठी एक फेलोशिप दिसली आणि मी पुन्हा लाडीगोडीला लागले. श्रावणातले सगळे सोमवार धरले. फेलोशिप मिळाली नाही तर शिक्षण तिथंच थांबणार होतं. वडिलांनी तसं स्पष्ट सांगितलं होतं, आणि त्यांचं काही चुकत नव्हतं.

अर्जाबरोबर निबंध मागितला होता: तुमच्यामुळे कुणाच्या आरोग्यात काय फरक पडला? त्यासाठीच मी उन्हाळ्यापासून एका मोफत दवाखान्याच्या वतीनं विणकरांच्या गल्ल्यांत जात होते. तिथल्या एका तेलुगू घरातल्या आजींना मधुमेह होता आणि गोळ्यांचा कंटाळा होता. मी रोज जाऊन त्यांच्या मागे लागायची. ‘आजी, काही झालं तरी सकाळची गोळी चुकवायची नाही.’ महिन्याभरात त्या नियमित झाल्या. मी निबंध लिहून काढला आणि कॉलेजातल्या आमच्या मॅडमनी तो वाखाणला. आज वाटतं, त्यात आजींपेक्षा मीच जास्त होते.

अर्जाचा शेवटचा दिवस नेमका पहिला श्रावणी सोमवार. निबंधाचा कागद देवाच्या पायांवर ठेवावा, मगच अर्ज पाठवावा, म्हणून सकाळी सिद्धेश्वराच्या देवळात गेले. दर्शनाच्या रांगेत आजी भेटल्या. मला पाहताच म्हणाल्या, “अम्मा, गोळी घेतली बरं का आज पण.” मला कोण आनंद झाला. थोड्या वेळानं त्या डोलू लागल्या आणि खाली बसल्या. अंग घामानं भिजलेलं, हात थरथरत होते, बोलणं अडखळत होतं. रांगेतल्या बायका म्हणाल्या, “उपासाची भवळ हाय, वारा घाला.” आणि मी, उन्हाळ्यापासून घरोघर आरोग्य शिकवत फिरणारी, माझ्या निबंधाच्या कागदानं वारा घालत बसले.

रांगेबाहेरून एक रिक्षावाले काका पुढे आले. सवारी सोडायला आले होते बहुतेक. वाकून आजींकडं बघत त्यांनी मला विचारलं, “यांना शुगर हाय का?”

“हो.”

“गोळी घेतली?”

“घेतली.”

“आन खाल्लं काय?”

उपाशीपोटी ती गोळी घेतली की रक्तातली साखर झपाट्यानं उतरते, हे मला पुस्तकातल्या पानासकट पाठ होतं. पण उपास करता का, हे मी आजींना कधी विचारलंच नव्हतं. आमच्या घरी श्रावणी सोमवार म्हणजे विचारायची गोष्टच नव्हे. त्या घडीला मी स्वतःही उपाशीच होते.

काका चहाच्या गाडीवरून मूठभर साखर घेऊन आले. “गिळता येतंय न्हवं आजी? हळू घ्या,” म्हणत चिमटी चिमटीनं भरवू लागले. “आमच्या अम्मीला रोज्यात असंच झालं हुतं. तवापासून आदी डॉक्टरला इचारतो, मगच रोजा.” आजींची नजर हळूहळू ताळ्यावर आली. काकांनीच आम्हाला रिक्षातून दवाखान्यात सोडलं. आजींना आत नेऊन मी बाहेर आले तोवर ते निघून गेले होते. नाव विचारायचं राहून गेलं.

दुपारी आजी उठून बसल्या, तेव्हा मी त्यांचे पाय धरले. माझीच चूक झाली म्हणाले. त्या बुचकळ्यात पडल्या. “चूक कसली? गोळी घे म्हणून तू सांगितलीस. उपास देवाचा. मी दोघांचं ऐकले की.” मला रडू आवरेना.

मी निबंध पहिल्यापासून लिहायला घेतला. मॅडमना फोन केला तर म्हणाल्या, “अगं, दुसरं एखादं उदाहरण घाल. निवड समितीपुढं आपली चूक कशाला मांडतेस?” त्या काळजीनंच बोलत होत्या. मलाही धडकी भरली होती, कारण या कागदावर माझं सगळं पुढचं शिक्षण टांगलेलं होतं. तरी जसं घडलं तसंच लिहिलं आणि संध्याकाळच्या आत अर्ज पाठवला. ‘आता तुझं तू बघ,’ असं देवाला म्हणाले. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्याच्यापुढं अट घातली नाही.

मुलाखतीत त्याच चुकीबद्दल खोदून खोदून विचारलं. मी काही झाकलं नाही. माझी निवड झाली. ती कशामुळे झाली यावर मी डोकं चालवत नाही. ते काका त्या वेळी तिथं का होते, यावरही नाही. आजींचं औषध आणि उपास दोन्ही डॉक्टरांनी नीट बसवून दिलं. मी आता शिकायला बाहेरगावी असते. पण सोमवार आला की हात आपोआप जोडले जातात. त्या दिवशी मी देवाच्या दारात स्वतःसाठी मागायला गेले होते. त्यानं माझं मागणं बाजूला ठेवलं आणि आधी आजींना वाचवलं. माझंच आधी ऐकलं असतं, तर मला फेलोशिप तेव्हाही मिळाली असती, पण आजी गेल्या असत्या.