कोवलमचा कोरा रोल

चेन्नई सेंट्रलला उतरले तेव्हा सकाळ नुकतीच झाली होती, तरी हवा अंगाला चिकटत होती. मेट्रोच्या दारात सामान तपासणारी पोलीस बाई माझ्या हातातल्या प्लास्टिकच्या डबीकडे संशयाने पाहू लागली. डबीत फिल्मचे रोल होते. क्ष-किरणांनी ते खराब होऊ नयेत म्हणून मी ती यंत्रात टाकायला तयार नव्हते. हातवारे करून समजावल्यावर तिने एक रोल उचलून उजेडात धरला.

"फिल्मा? इप्पो इरुक्का?" (फिल्म? अजून असते?)

असते, म्हटलं. ती हसली आणि डबी हातानेच पलीकडे दिली.

फोनने कधीही, कितीही फोटो काढता येण्याच्या या दिवसांत मी फिल्मवर फोटो काढते, हे सोलापुरात माझ्या शाळेतल्या सहकाऱ्यांनाही विचित्र वाटतं. माझा कॅमेरा रेंजफाइंडर जातीचा. त्याच्या छोट्या खिडकीतून पाहिलं की मधोमध एक पिवळसर चौकोन दिसतो आणि त्या चौकोनात समोरच्या वस्तूची दोन चित्रं. लेन्सची कडी हळूहळू फिरवायची. दोन्ही चित्रं सरकत सरकत एकमेकांवर बसली की फोकस झाला. तो बसण्याचा क्षण मला फार आवडतो. एका रोलमध्ये छत्तीस फोटो, त्यामुळे बटण दाबण्याआधी माणूस थांबतो, नीट बघतो. मागे पडदा नाही, म्हणून काढलेला फोटो लगेच पाहायची घाईही नाही.

या वेडापायीच सेतुमाधव रावांची ओळख झाली. इंटरनेटवर फिल्मवाल्यांचा एक गट आहे, तिथे मी मराठीत काहीतरी लिहिलं होतं आणि चेन्नईहून मराठीतच उत्तर आलं. तंजावरकडचं मराठी घराणं, बँकेतून निवृत्त, मुक्काम नुंगंबाक्कम. मग आम्ही पोस्टाने एकमेकांना फोटो पाठवू लागलो. त्यांचे काळे-पांढरे फोटो पाहून मी उजेड ओळखायला शिकले. मधे मात्र त्यांच्याकडून येणारे फोटो धूसर होत गेले, आणि पुढे यायचेच थांबले. फोनवर विचारलं तर म्हणाले, "या की मा (बाई) एकदा. कोवलमला जाऊं. होड्या पाहूं."

नुंगंबाक्कमला मोठ्या दुकानांच्या मागच्या गल्लीत त्यांचं घर. दार त्यांच्या पत्नीने, सरसाकाकूंनी उघडलं.

"या, या. बैसा. प्रवास बरा जाहला की?"

त्यांची मराठी अशी, जुन्या वळणाची, आणि प्रत्येक वाक्य शेवटी तमिळसारखं वर उचललं जाणारं. सेतुकाका आतून आले. उंच, ताठ, पांढरीशुभ्र वेष्टी (लुंगीसारखं धोतर). त्यांनी माझ्याकडे पाहिलं, पण नजर माझ्या कानाच्या बाजूला लागली होती. मी नकळत थोडी सरकले, तशी तीही सरकली.

जेवताना काकूंनी सांबार-भात आणि डांगर पचडी (उडदाच्या पिठाचं दह्यातलं कालवण) वाढली. काकांनी पाण्याचा पेला चाचपून घेतला आणि सरळ सांगून टाकलं.

"दोन्ही डोळ्यांत मधोमध डाग जाहला आहे. कडेचं दिसतं. ही भिंत दिसते, दार दिसतं. ज्याच्याकडे पाहीन, तेवढंच दिसत नाही."

"उपचार?"

"सुया घेतल्या डोळ्यांत. आता डॉक्टर म्हणतो, आहे तेवढं राहिलं तर नशीब."

रेंजफाइंडरचा तो पिवळा चौकोन खिडकीच्या बरोबर मधे असतो. त्यांना कॅमेऱ्यातलं सगळं दिसत होतं, तो चौकोन सोडून.

"म्हणून तुम्हाला बोलावलं," ते म्हणाले. "अंतर तुम्ही सांगायचं. एक रोल काढायचा आहे. शेवटचा, असं ही म्हणते. मी तसं म्हणत नाही."

काकू ताटं उचलून आत गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी जेवणाच्या टेबलावर स्वतःच कॅमेऱ्यात रोल भरला. मी हात पुढे केला तर मान हलवली. "इतकी वर्षं भरतो आहे मा." बोटांनी फिल्मचं टोक खाचेत सरकवलं, मागचं झाकण लावलं, फिल्म पुढे सरकवणारा खटका ओढला. काकूंनी इडल्यांचा डबा माझ्या पिशवीत घातला आणि हळूच म्हणाल्या, "बसची पायरी चढताना हात धरा. मी धरला तर झिडकारतात."

बस बदलून आम्ही ईस्ट कोस्ट रोडने कोवलमला निघालो; केरळातलं नव्हे, हे चेन्नईजवळचं कोळ्यांचं गाव. डावीकडे घरांच्या फटींतून समुद्र दिसायचा आणि नाहीसा व्हायचा. काकांना कडेचं दिसत असल्यामुळे खिडकीबाहेरचं तेच मला आधी सांगत होते, "हे सुरूचं बन आलं. आता मिठागरासारखं पाणी येईल." हात मात्र त्यांनी मला धरू दिला.

कोवलमच्या किनाऱ्यावर होड्या नुकत्या लागल्या होत्या. निळ्या-पिवळ्या फायबरच्या होड्या, वाळूवर पसरलेली जाळी, बायकांचे चढे आवाज, कावळे. टोपल्यांत वंजिरम (सुरमई) आणि चांदीच्या चुऱ्यासारखी बारीक मासळी. सेतुकाका वाळूवर उभे राहिले, नाकाने मोठा श्वास घेतला आणि एकदम तरुण दिसू लागले.

"बोला, किती?"

"जाळं दुरुस्त करणारा म्हातारा. दहा फूट."

ते कडी बोटांनी चाचपत दहावर आणायचे, चेहरा जरा तिरका करून कडेच्या नजरेने चौकट धरायचे, आणि टक्. "आता?" "दोन होड्यांच्या मधून चालत येणारी बाई. वीस. पंधरा. आता!" टक्. आम्ही लहान पोरांसारखे किनाराभर हिंडलो. काकांची चप्पल जाळ्यात अडकली, ती सोडवताना दोन कोळी हसले, काका त्यांच्याहून मोठ्याने हसले. तेवढ्यात मी माझ्या कॅमेऱ्याने त्यांचाच एक फोटो घेतला.

सेल्वी नावाच्या एका मासेवालीने स्वतःच हाक मारून फोटो काढून घेतला. पदर खोचून, मोठा मासा दोन्ही हातांत धरून ती उभी राहिली. फोटो झाल्यावर धावत आली.

"काट्टु, काट्टु." (दाखव, दाखव.)

काकांनी कॅमेऱ्याची पाठ तिच्यासमोर धरली. तिथे नुसतं काळं चामडं. ती चक्रावली. काका तमिळमध्ये म्हणाले, धुवावा लागतो, मग पोस्टाने येईल. तिने शंकेने पाहिलं. काकांनी छातीवर हात ठेवून वचन दिलं.

थोड्या वेळाने एका उलट्या होडीच्या सावलीत आम्ही इडल्या खायला बसलो. "छत्तीस जाहले असतील," काका म्हणाले आणि सवयीने खटका ओढला. तो सहज सरकला. खरं तर रोल संपला की तो अडायला हवा. त्यांनी कशावरही न रोखता एक टक् केला, पुन्हा ओढला. पुन्हा सरकला.

मला कळलं.

काकांनी कॅमेऱ्याच्या डाव्या टोकाचं, फिल्म परत गुंडाळायचं चाक दोन बोटांत धरून फिरवलं. ते सैल, गरगर फिरलं. आत काहीच ओढलं जात नव्हतं. फिल्मचं टोक सकाळीच खाचेतून निसटलं होतं. डोळे नीट असलेला माणूस खटका ओढताना ते चाक फिरतंय का हे बघतो. त्यांना ते दिसत नव्हतं, आणि मी माणसांची अंतरं मोजण्यात गुंगले होते.

"फिरलीच नाही," ते म्हणाले.

"काका, माझ्याकडे अजून रोल आहेत. मी भरून देते."

ते बराच वेळ लाटांच्या दिशेने तोंड करून बसले. डब्यातल्या इडलीला हात लावला नाही. मग उठले, वेष्टीची वाळू झटकली, आणि सेल्वीला हाका मारत निघाले. तिला त्यांनी काही न लपवता सांगितलं, डोळे गेल्याचंही. तिने त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. मग टोपलीतून दुसरा मासा उचलला.

"तिरुंब एडुंग." (परत काढा.)

मी माझा कॅमेरा त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो क्षणभर तळहातावर तोलला आणि परत माझ्या हातात ठेवला.

"तुम्ही घ्या. तिला वचन दिलं आहे. माझ्या हातून पुन्हा चुकायला नको."

मी डोळा खिडकीला लावला. पिवळ्या चौकोनात दोन सेल्वी होत्या. त्या एक व्हायला फार वेळ लागला, कारण मला नीट दिसत नव्हतं.

परतीच्या बसमध्ये ते आपल्या कॅमेऱ्याचं ते सैल चाक फिरवत राहिले.

घरी आल्यावर म्हणाले, "तुमचा रोल आत्ताच धुऊं." न्हाणीघरात स्टुलावर बसून त्यांनी दोन्ही हात काळ्या कापडाच्या पिशवीत घातले. उजेड लागू नये म्हणून फिल्म त्या पिशवीत न बघताच चकतीवर गुंडाळायची असते. मला हे नेहमी अवघड जातं. त्यांची बोटं आत शांत फिरत होती. चेन्नईचं नळाचं पाणीही गरम, म्हणून काकू बर्फाचे खडे आणून देत होत्या, मी थर्मामीटर वाचत होते. फिल्म आणि रसायन भरलेला डबा उलटसुलट करताना काकांच्या चेहऱ्यावर पुन्हा रंग आला.

ओली फिल्म दोरीला चिमट्याने टांगली. काकूंनी पदराला हात पुसले, चष्मा लावला आणि उजेडाकडे तोंड करून एकेक फोटो सांगायला लागल्या. लग्नानंतरच्या सगळ्या वर्षांत त्यांनी या न्हाणीघराबद्दल फक्त तक्रार केली होती, असं काकाच म्हणत.

"ही होडी. ही मासेवाली, दात दिसतात. हा..." त्या थांबल्या.

"कोण?" काकांनी विचारलं.

"तुम्ही. चप्पल हातात. हसतां आहां."

"शार्प आहे का?"

काकूंना शार्प म्हणजे काय ठाऊक नव्हतं. त्या माझ्याकडे वळल्या. डोळे भरले होते, पण आवाज त्यांनी हलू दिला नाही. "चांगलं आहे," म्हणाल्या. "असं हसणं कधीपासून पाहिलं नव्हतं."

निघताना काका फाटकापर्यंत आले. कॅमेऱ्याचं काय करणार, हे मी विचारलं नाही.

सोलापूरला येऊन मी तो रोल छापला. सेल्वीचा फोटो कोवलमला गेला, काकांचा फोटो काकूंनी देव्हाऱ्याशेजारी लावला, असं कळलं. माणूस असताना त्याचा फोटो तिथे कशाला, असं मी फोनवर म्हणून बसले. काकू म्हणाल्या, "दिवसातून दोनदा तिथे उभी राहते मा. म्हणून."

आता दर रविवारी सकाळी काकांचा फोन येतो. मी गच्चीवर जाते. परवा शेजारच्या कारखान्यातल्या चादरी वाळत घातल्या होत्या.

"ऊन कसं आहे?" त्यांनी विचारलं.

"कोवळं. डावीकडून. चादरींच्या मागे एक बाई आहे, तिची फक्त सावली दिसते आहे."

पलीकडे ते ती बाई पाहत होते, हे मला ठाऊक होतं.

"लेन्सचं छिद्र आठावर ठेवा," ते म्हणाले. "आणि थांबा. ती हात वर करील."

मी थांबले. बाईने दुसरी चादर टाकायला हात वर केले. मी बटण दाबलं.

"ऐकू आलं," काका म्हणाले, आणि मी चाक फिरतंय ना हे बघत पुढचा खटका ओढला.