माझगावहून आणलेलं मांजर

आमचं पर्शियन मांजर माझ्या बायकोच्या निष्काळजीपणामुळे हरवलं, असं नात्यात आजही सांगतात. ते खोटं आहे आणि ते मीच पसरवलं.

आम्ही ठाकूरद्वारला चाळीत राहायचो. लग्नाला सहा वर्षं होऊनही मूल नव्हतं. तिला जिन्याखालचं साधं पिल्लूही चाललं असतं. पण साहेबांच्या घरी पर्शियन होतं, म्हणून मलाही तेच हवं होतं. वर्तमानपत्रातली जाहिरात वाचून आम्ही माझगावला एका म्हाताऱ्या ख्रिस्ती बाईंकडे गेलो. पिल्लू पांढरंशुभ्र होतं. हिच्या पदरात शिरून ते लगेच झोपलंसुद्धा.

"तुमच्याकडे मासळी शिजते ना?" बाईंनी विचारलं. "दूधभातवाल्यांना मी पिल्लू देत नाय. मासळी नाय मिळाली तर यांचे डोळे जातात."

"रोज शिजते."

"काल काय होतं?"

"मांदेली." ऑफिसातल्या मालवणी शिपायाच्या डब्यामुळे तेवढं नाव मला ठाऊक होतं.

"याला तळलेली देऊ नका हां. उकडून, काटे काढून द्यायची."

ही मान खाली घालून बसली होती. आमच्या घरात अंड्याचं टरफलसुद्धा कधी आलं नव्हतं.

पिल्लाला दूधभातच मिळाला. ते वाळत चाललं. एका दुपारी हिने शेजारणीकडून उकडलेली मांदेली आणून गॅलरीत कागदावर भरवली. नेमका मी आलो. तो कागद लाथेने उडवला आणि चाळीला ऐकू जाईल असं ओरडलो, "आता टोपली घेऊन बाजारातच बस!" माझ्या आईने तिला डोक्यावरून आंघोळ करायला लावली. नंतर तिने पुन्हा मासळी आणली नाही.

काही महिन्यांनी मांजर आंधळं झालं. केस गळले. भिंतीला धडकलं की शेजारी हसायचे, "काय हो, साहेबाच्या मांजराला चष्मा लावा की!"

ते हसणं मला सहन होईना.

संयुक्त महाराष्ट्राच्या आंदोलनाचे दिवस होते. संचारबंदी दोन तास उठली तेव्हा ही रॉकेलच्या रांगेत होती. मी मांजर पिशवीत घातलं आणि मासळीबाजारामागे नेऊन सोडलं. बाजार बंद होता. ते माझ्या बाहीला नखं रुतवून बसलं. एकेक नख मी सोडवलं.

"दाराची कडी लावली नाहीस," ती परतल्यावर मी म्हणालो. "बाहेरच्या गडबडीत गेलं ते."

संचारबंदी पुन्हा सुरू झाली तरी ती वाटी वाजवत खाली उतरली. पोलिसाने काठी उगारली, तेव्हा वर आली. रात्रभर आई तिला बोलत राहिली. मी भिंतीकडे तोंड करून पडलो होतो.

पुढे आम्हाला मूल झालं नाही. "आंधळ्या जिवाला घालवलं मी, देव कशाला देईल?" असं ती शेजारणींना सांगायची. मी ऐकायचो.

गेल्या वर्षी ती गेली. शेवटच्या आठवड्यात तिने विचारलं, "कडी मी लावली होती हो. मला आठवतंय. लावली होती ना?"

"जाऊ दे," मी म्हणालो. "मी तुला केव्हाच माफ केलंय."