पावम

वेलचेरीत आमच्या इमारतीखाली इस्त्रीची गाडी लावणाऱ्या बाई कपडे कमी असले की वाचत बसायच्या. झोपडपट्टीत वाढलेल्या एकीनं स्वतःच्या आयुष्यावर लिहिलेलं तमिळ पुस्तक त्यांनी एकदा माझ्यापुढं धरलं. "वाचाच!"

मुखपृष्ठावरची झोपडी बघून मी, नुकतं तमिळ शिकू लागलेला शहाणा, हळहळलो, "पावम!"

बाईंनी इस्त्री आपटली. "आमच्या तमिळमध्ये पावम म्हणजे बिचारा, आणि पावम म्हणजे पापसुद्धा. आम्ही दोन्ही नाही! या अख्ख्या पुस्तकात तो शब्द एकदाही नाही, म्हणून तर देतेय."

अक्षरं जुळवत सहा महिने वाचलं. परत देताना पुस्तक दोन्ही हातांनी पुढं केलं; 'पावम' काही तोंडी आलं नाही.

इस्त्री न थांबवता बाई म्हणाल्या, "म्हणजे वाचलंत."