भिंतीमागची बाई

मास्तरांनी माझ्या वहीवर आधी पाणी शिंपडलं, मगच ती उचलली. शाई फुटली. ‘ऑन’ कुठलं, ‘अंडर’ कुठलं, काही कळेना. "शाई तरी बरी वापर," ते म्हणाले. ओट्यावर चटईवर बसलेले हसले. मी पायरीखाली, मातीत. मीही हसलो.

भुसावळच्या रेल्वेत मी खलाशी, ओझी उचलणारा गडी. जातीनं महार. चार इंग्रजी वाक्यं नीट बोलता आली तर वरची जागा मिळणार होती. म्हणून एका कारकुनाच्या ओट्यापाशी दर रविवारी सकाळी शिकवणीला जायचो. त्यांनाच आम्ही मास्तर म्हणायचो. काय कशावर, कोण कुठे, ते समोर बघून इंग्रजीत सांगायचं. लोटा खिडकीत. चप्पल दारापाशी.

एका रविवारी अक्का आली. माझी थोरली बहीण. आईबाप गेल्यावर इंजिनाच्या राखेतला कोळसा वेचून तिनंच मला वाढवलं. मी विसरलेली भाकरी घेऊन ती अंगणाच्या बुटक्या भिंतीमागं उभी राहिली. मास्तर म्हणाले, "कर वाक्य तिच्यावर."

केलं. एक बाई भिंतीमागं उभी आहे. एकही चूक नाही.

"कोण ती?" त्यांनी इंग्रजीतच विचारलं.

"कोणी नाही, साहेब. कोळसेवाली." मीही इंग्रजीतच सांगितलं.

"शाब्बास!"

पहिलीच शाबासकी. माझी छाती फुगली. खोटं कशाला बोलू?

परतताना अक्कानं विचारलं, "मास्तरनी मनाबद्दल काय इचारं? तू मनं नाव सांगं ना?"

"हां अक्का. सांगं."

मास्तरांना मी तिचं नाव सांगितलं असं वाटून ती हरखली. पदराची गाठ सोडून गुळाचा खडा माझ्या हातावर ठेवला. तो मी खाल्ला. मास्तरांनी वही बाटली म्हणून पाणी शिंपडलं. मी तर बहिणीलाच पुसून टाकलं.

पुढच्या रविवारी तिला हाताला धरून पायरी चढलो. "नको रे भाऊ, मारतीन," ती पुटपुटली. तिला चटईवर बसवलं आणि मोठ्यानं इंग्रजीत म्हणालो, ही माझी बहीण, ती चटईवर बसली आहे. सगळे ताडकन उठले. मास्तरांनी माझी वही रस्त्यावर भिरकावली. शिकवणी सुटली, वरची जागाही गेली.

आता आमच्या वस्तीत मीच शिकवतो. चटई एकच. पहिलं वाक्य ज्यानं त्यानं आपल्या माणसावर करायचं, नातं सांगून. नातं गाळलं तर पुढचं वाक्य नाही.

अक्का रोज पुढ्यात बसून ऐकते. भिंतीमागच्या बाईचं वाक्य मात्र तिला मी अजून सांगितलेलं नाही. येत्या रविवारी सांगणार. सगळ्यांदेखत, तिला समजेल अशा आपल्या बोलीत. तिनं थोबाडीत मारली तर तोंड फिरवणार नाही.