एकशे अठ्ठेचाळीस व्होल्ट

माझ्या आत्याने सव्वीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजच्या कारखान्यात वायरी जोडल्या. तिथला तपासनीस प्रत्येक वायर चिमट्याने ओढून बघायचा. आत्याच्या टेबलापाशी आला की चिमटा खिशात टाकून पुढे जायचा. हे ती आपणहून सांगत नसे, पण समोरच्याने विचारावं अशी सोय मात्र बरोबर करून द्यायची. निवृत्त झाल्यावर दोन वर्षं तिने पडदे शिवले, कुंड्या रंगवल्या, अख्ख्या इमारतीच्या इस्त्र्या दुरुस्त केल्या. मग एके दिवशी जुन्या रेडिओत असायचे तसल्या काचेच्या व्हॉल्व्हच्या अ‍ॅम्प्लिफायरचं किट मागवलं. सुटे भाग, पत्र्याचा सांगाडा आणि एक पुस्तक. जोडाजोड सगळी आपण करायची.

"हात चालतात का बघते," ती म्हणाली. हसत म्हणाली खरी, पण हल्ली तिला डाव्या डोळ्याने धूसर दिसायचं आणि तिने मनाशी काय ठरवलंय ते मला कळत होतं. हा डबा वाजला तर आपण अजून कामाच्या, नाही वाजला तर संपलो.

दोन महिन्यांनी तिने बटण दाबलं. व्हॉल्व्ह नारिंगी उजळले, उजव्या स्पीकरमधून सतार अशी आली की आतोबांनी टाळ्या वाजवल्या. डावी बाजू ढिम्म. साधी खरखरही नाही.

आतोबा म्हणजे आत्याचे यजमान. माणूस गोड. नको तितका गोड. आयुष्यभर वीजकंपनीत मीटर रीडर होते, दारोदार फिरून आकडे टिपायचे, आणि प्रत्येक दारात दोन शब्द चांगले बोलायचे. घरातले सगळे कागद तेच वाचायचे: बिलं, पत्रं, औषधांच्या चिठ्ठ्या. आत्याला कागदांचा कंटाळा, आतोबांना वाचून दाखवायची हौस. त्यामुळे दोष शोधायची वेळ आली तेव्हा व्होल्ट मोजायचा मीटर कोण वाचणार हा प्रश्नच नव्हता.

एकट्याने करायचं ते काम नव्हतंच. आत तीनशे व्होल्ट खेळत असतात. एक हात पाठीमागे घ्यायचा, म्हणजे चुकून दोन्ही हात लागून वीज छातीतून जायला नको. दुसऱ्या हाताने मीटरची पिन नेमक्या सांध्यावर टेकवायची आणि नजर तिथून हलवायची नाही. पिन घसरली की खेळ खल्लास. म्हणून आत्या पिन टेकवायची, आतोबा शेजारी बसून काटा बघून आकडा सांगायचे आणि आपल्या सुंदर अक्षरात वहीत उतरवायचे. मग आत्या तो पुस्तकातल्या तक्त्याशी ताडून बघायची. डावीकडच्या छोट्या व्हॉल्व्हपाशी पुस्तक म्हणत होतं दीडशे. आतोबा म्हणाले, एकशे अठ्ठेचाळीस. म्हणजे तिथवर सगळं ठीक.

सगळंच ठीक होतं, हाच तर वैताग. आत्याने डाव्या-उजव्या व्हॉल्व्हची अदलाबदल केली. ट्रान्सफॉर्मर सोडवून पुन्हा बसवला. किटवाल्यांना पत्र लिहिलं, त्यांनी सौजन्याने कळवलं, "व्होल्टेज बरोबर असेल तर आपले सांधे कच्चे असावेत." हे तिच्या वर्मी लागलं. तिने डाव्या बाजूचे सगळे सांधे उकलले आणि कथील वितळवून नव्याने केले. बोट भाजलं. चौथ्या आठवड्यात ती स्वयंपाकघरात रडत म्हणाली, "गेले गं माझे हात." आतोबा तिच्या पाठीवरून हात फिरवत होते. मी पाहिलंय ते, आणि मला तेव्हा त्यांचं कौतुक वाटलं होतं, याचा मला आज सर्वांत जास्त राग येतो.

त्या रविवारी मी सकाळी गेले तेव्हा आतोबा केस कापायला गेले होते. आत्याने खोकं काढून ठेवलं होतं.

"एकदा शेवटचं बघते, नाहीतर भरून माळ्यावर टाकते. बस तू मीटरपाशी."

मी बसले. तिने एक हात पाठीमागे घेतला, पिन टेकवली.

"किती?"

"शून्य."

"नीट बघ. एकशे अठ्ठेचाळीस असेल."

"आत्या, काटा जागचा हललासुद्धा नाही."

तिने पिन उचलून उजव्या बाजूला त्याच ठिकाणी लावली. काटा झपकन वर गेला, दीडशेच्या जरासा पुढे. पुन्हा डावीकडे. शून्य. मग तिने बटण बंद केलं, आतली वीज उतरेपर्यंत थांबली आणि वही ओढून घेतली. नऊ पानं भरली होती. एकशे अठ्ठेचाळीस. एकशे एक्कावन्न. एकशे एकोणपन्नास.

दोष दहा मिनिटांत सापडला. एका रेझिस्टरचा पाय शेजारच्या रिकाम्या भोकात बसवला होता. सांधे नव्याने करतानाही आत्याने तो आहे तिथेच पुन्हा पक्का केला होता. त्या जागी दीडशे व्होल्ट येताहेत म्हटल्यावर ती जागा चुकली असेल असं कुणाच्या मनात येणार? तिने पाय हलवला, बटण दाबलं. डावा स्पीकर गाऊ लागला. मला वाटलं ती हसेल. ती वहीकडेच बघत होती.

तेवढ्यात आतोबा आले, मानेवर पावडर, चेहरा खुललेला.

"अरे वा! दोन्ही बाजू! मी म्हणत नव्हतो, तुझ्या हाताला यश आहे म्हणून?"

"अहो, इथे शून्य होतं," आत्या म्हणाली. "महिनाभर तुम्ही काय वाचत होतात?"

ते आधी हसले. मग खुर्चीत बसले. "पहिल्या दिवशी काटा हलेना. तुझा चेहरा इतका उतरलेला होता... मला वाटलं, मीच मीटरचं काहीतरी उलटंसुलटं फिरवलंय. पुस्तकात दीडशे होतं, म्हणून..."

"दीडशे नाही म्हणालात. एकशे अठ्ठेचाळीस म्हणालात."

"दीडशे म्हटलं असतं तर तुला खोटं वाटलं असतं."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. आतोबा मात्र समजुतीच्या सुरात बोलतच राहिले. "अगं, घराला कुलूप असलं की आम्ही सरासरी लिहायचो. पुढच्या वेळी आपोआप जुळायचं. कुणाचं काही बिघडत नसे."

"मी माझे हात गेले म्हणून रडले," आत्या म्हणाली. "तुमच्यासमोर रडले."

"तुला वाईट वाटू नये म्हणूनच ना गं सगळं."

आत्या काहीतरी बोलणार होती, ती थांबली. त्या वाक्यापाशीच थांबली. मग उठून कपाटाकडे गेली, फाइल काढली, एक पाकीट घेऊन आली. डोळ्यांच्या दवाखान्यातून टपालाने आलेला तपासणीचा अहवाल होता तो.

"हा तुम्ही वाचून दाखवला होतात. वयोमानाप्रमाणे आहे, चष्मा बदला, असं."

"ते आता कशाला काढतेस?" आतोबा एकदम उभे राहिले. "सतार लाव ना पुन्हा."

तिने पाकीट माझ्या हातात दिलं. "जे लिहिलंय तेच वाच."

मी वाचलं. दोन्ही डोळ्यांतला दाब वाढलेला आहे. डाव्या डोळ्याची नस खराब होऊ लागली आहे. गेलेली नजर परत येत नाही. उरलेली टिकवायची तर ताबडतोब थेंब सुरू करावेत, महिन्याच्या आत येऊन भेटावं.

"तारीख?" तिने विचारलं.

तारीख नऊ महिन्यांपूर्वीची होती. आतोबा जमिनीकडे बघत होते. आत्याने अ‍ॅम्प्लिफायर बंद केला आणि व्हॉल्व्ह विझेपर्यंत तिथेच उभी राहिली.

"उद्या सकाळी दवाखान्यात येशील माझ्याबरोबर?" तिने मला विचारलं.

"मी येतो ना," आतोबा पुढे झाले. "मी नेतो तुला."

"तुम्ही घरी थांबा," आत्या म्हणाली. "डॉक्टर काय म्हणतात ते मला ऐकायचंय."